आधी ठरवा, काय बदलायचं नाही

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढे औरंगजेबाने तिला औरंगाबाद हे नाव दिलं. इतिहासाच्या कुठल्याही मराठी पुस्तकात सापडेल असं हे साधं वाक्य आहे. आता समजा, एका संकेतस्थळाच्या चालकाने सगळ्या पानांवर 'औरंगाबाद' शोधून त्या जागी 'छत्रपती संभाजीनगर' घालण्याची आज्ञा दिली. एका क्षणात वाक्य असं होतं: औरंगजेबाने तिला छत्रपती संभाजीनगर हे नाव दिलं. व्याकरण बिनचूक, शब्दलेखन बिनचूक, आणि विधान धडधडीत खोटं. त्याखाली लाल रेघ येत नाही, पान उघडायला अडचण येत नाही, कुणाचा फोन येत नाही. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी ते वाक्य उचलतो आणि आपल्या वहीत लिहितो.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव हे बदल २०२३ मध्ये अमलात आले, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. त्याआधी १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, पण तेव्हा बदलायला संकेतस्थळं जवळपास नव्हती. पाट्या, लेटरहेड आणि रबरी शिक्के बदलले की काम संपत होतं. या वेळी वर्तमानपत्रांची, महाविद्यालयांची, बँकांची, देवस्थानांची, सरकारी खात्यांची लाखो पानं समोर होती. पत्ता, जिल्ह्याची यादी, अर्जाचा नमुना हे बदलायलाच हवं होतं. एवढ्या पसाऱ्यातून ते हाताने एकेक शोधणं अशक्य वाटलं, म्हणून 'शोधा आणि बदला' ही आज्ञा आलीच. ती आज्ञा वापरू नये असं माझं म्हणणं नाही. मात्र वापरण्याआधी काय बदलायचं नाही, याची यादी हाताशी हवी. काय बदलायचं ते सगळेच ठरवतात. दुसरी यादी बहुतेक ठिकाणी कुणी केलेलीच नसते, आणि नुकसान तिथेच होतं.

या चुकीला इतिहास आहे. याहूच्या मेल सेवेने २००१ च्या सुमारास सुरक्षेसाठी काही धोकादायक संगणकीय शब्द टपालातून आपोआप बदलायला सुरुवात केली. 'इव्हॅल' हा त्यातला एक, त्याच्या जागी 'रिव्ह्यू' येई. इंग्रजीत मध्ययुगीन या अर्थाचा जो 'मेडिइव्हल' शब्द आहे, त्याच्या पोटात ही अक्षरं आहेत. मग अभ्यासकांच्या पत्रांत 'मेडिरिव्ह्यू' असा कुठल्याच कोशात नसलेला शब्द दिसू लागला, आणि पत्रांतला मजकूर पुढे पानांवर चिकटवला गेल्यामुळे तो इंटरनेटवरही पसरला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका धार्मिक संघटनेच्या वृत्तस्थळाने 'गे' या शब्दाऐवजी 'होमोसेक्शुअल' असा स्वयंचलित बदल लावून ठेवला होता. धावपटू टायसन गे याने ऑलिम्पिक निवड चाचणीत शर्यत जिंकली, तेव्हा त्याचं आडनाव बदलून बातमी छापली गेली. २०१२ मध्ये 'वॉर अँड पीस'च्या एका ई-आवृत्तीत 'किंडल्ड', म्हणजे पेटवलं, या क्रियापदाच्या जागी सगळीकडे 'नूक्ड' आलं. किंडल या यंत्रासाठी केलेली फाइल नूक या दुसऱ्या यंत्रासाठी वापरताना कुणीतरी यंत्राचं नाव सरसकट बदललं होतं. टॉलस्टॉयच्या वाक्यांतली चमक त्यात गेली.

सर्वांत बोलकं उदाहरण न्यायालयातलं आहे. 'ऑफ पांडाज अँड पीपल' या अमेरिकी पाठ्यपुस्तकाच्या १९८७ च्या मसुद्यांत 'क्रिएशनिस्ट्स', म्हणजे ईश्वरनिर्मितीवादी, हा शब्द काढून 'डिझाइन प्रोपोनंट्स' असा घातला गेला होता. एका ठिकाणी जुना शब्द पूर्ण निवडला गेला नाही. त्याचं पहिलं अक्षर पुढे राहिलं, शेपूट मागे राहिलं आणि मध्ये नवा शब्द अडकला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळेवरच्या खटल्यात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी या मसुद्यांची जंत्री मांडली. पुस्तकाचा आशय तोच ठेवून फक्त शब्द बदलले, हे त्यातून उघड झालं. मजकुराला स्मरणशक्ती असते. घाईने पुसलेलं त्यात कुठेतरी शिल्लक राहतं.

ही सगळी उदाहरणं इंग्रजीतली. मराठीत अडचण याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल लिहिलं फार कमी जातं, म्हणून इथे थोडं थांबतो.

अहमदनगर जिल्ह्याला बोलीत आणि बातम्यांच्या मथळ्यांत 'नगर' एवढंच म्हणत. आता 'नगर' शोधून 'अहिल्यानगर' करा. नगरपालिका 'अहिल्यानगरपालिका' होते, नगरसेवक 'अहिल्यानगरसेवक', उल्हासनगर 'उल्हासअहिल्यानगर', श्रीनगर 'श्रीअहिल्यानगर'. ज्या पानांवर आधीच 'अहमदनगर' होतं तिथे 'अहमदअहिल्यानगर'. आणि काही राहिलं असेल म्हणून तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवली, तर आधी नीट झालेलं 'अहिल्यानगर' आता 'अहिल्याअहिल्यानगर' होतं, कारण नव्या नावाच्या पोटात जुना शब्द बसलेलाच आहे. 'संभाजीनगर'चं 'छत्रपती संभाजीनगर' करतानाही हेच, दुसऱ्या फेरीत 'छत्रपती' दोनदा येतं. कुठलाही सरसकट बदल दोनदा चालवला तरी निकाल एकदाच्या इतकाच राहिला पाहिजे. ही कसोटी सोपी आहे. ती कागदावर, पाच शब्दांवर, आधीच करून पाहता येते.

यावर इंग्रजीतला ठरलेला उपाय म्हणजे 'पूर्ण शब्द असेल तरच बदला'. मराठीत तो अर्धवट चालतो. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. 'अहमदनगर' हा पूर्ण शब्द शोधला तर अहमदनगरला, अहमदनगरच्या, अहमदनगरहून, अहमदनगरकर हे सगळे सुटतात. प्रत्ययांसकट शोधलं तर दुसरा पेच: 'औरंगाबादेत' याचं 'छत्रपती संभाजीनगरेत' होतं, आणि असं कुणी मराठी माणूस बोलत नाही. अठराव्या शतकातला थोर उर्दू कवी सिराज औरंगाबादी याचं नावच बदलून जातं. उस्मानाबादी शेळी ही मान्यताप्राप्त जात आहे. तिची 'धाराशिवी शेळी' झाली, तर त्या नावाने माहिती शोधणाऱ्या शेतकऱ्याला पान सापडत नाही. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

त्यात आणखी एक तांत्रिक गोम आहे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ओळखण्याची संगणकाची खूण रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडली. जावास्क्रिप्टमधली ती खूण देवनागरी अक्षर ओळखतच नाही. पायथनच्या नेहमीच्या शोधपद्धतीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे शब्दाचा भाग धरले जात नाहीत, त्यामुळे 'हिंदी' या एका शब्दाचे तिला दोन तुकडे दिसतात. इंग्रजी पानांवर नीट चाललेली आज्ञा मराठी पानांवर जशीच्या तशी लावणाऱ्याला हे माहीत हवं.

आणि मग 'ऱ'. एका मराठी नियतकालिकाच्या जुन्या अंकांचं संकेतस्थळ सांभाळण्याच्या कामात मी मदत करतो. तिथे 'पुढाऱ्यांनी' हा शब्द शोधला, तर डोळ्यांना दिसणाऱ्या पानांपैकी थोडीच पानं हाती लागली. कारण कळायला वेळ लागला. हा अर्धा र दोन रीतींनी टंकला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. आमच्यातल्या एकाने सद्हेतूने ठरवलं की ही अदृश्य चिन्हं म्हणजे जुन्या टंकनाचा कचरा आहे, ती एका फटक्यात काढून टाकू. काढली. त्यानंतर पानापानावर 'दुसर्या', 'पुढार्यांनी' असं दिसू लागलं, कारण जोडचिन्ह गेल्यावर उरलेल्या र चा रफार होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर डोळ्यांना खुपलं असतं, दुरुस्त झालं असतं. पण लग्नघरातल्या आचाऱ्यांना दिलेलं मानधन आता आचार्यांना मिळालं. सह्याद्रीतल्या दऱ्यांवरच्या लेखात दर्या आला. आणि हे उलटं फिरवता येईना, कारण सगळ्या रफारांचे अर्धे र करायचे म्हटले तर सूर्य, कार्य, आश्चर्य आणि खरे आचार्य बिघडतात. बदलण्याची वाट एका ओळीची होती, परतीची वाट प्रत्येक वाक्य वाचण्याची. शेवटी जुन्या बॅकअपमुळे सुटलो. 'ॲ'चंही असंच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आलं. त्याआधीच्या पानांवर 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं आहेत. 'ॲप' शोधणाऱ्याला जुनी पानं सापडत नाहीत. म्हणून मराठी संकेतस्थळावर पहिलं काम बदलाचं नसून मोजणीचं आहे: हा शब्द आपल्याकडे किती रूपांत, किती टंकनरीतींत आहे, याची यादी.

आता पानाखाली काय असतं ते पाहू. वाचकाला दिसतो तो मजकूर हा संकेतस्थळाचा एक भाग. त्याच डेटाबेसमध्ये दुवे, चित्रांच्या फाइलींची नावं, मेनूची रचना, ईमेलचे पत्ते, बाजूच्या चौकटींची मांडणी हे सगळं अक्षरांतच साठवलेलं असतं. सरसकट आज्ञेला यातला फरक कळत नाही. चित्राच्या फाइलीच्या नावात जुनं गाव असेल, तर पानातलं नाव बदलतं, सर्व्हरवरची फाइल मात्र जुन्याच नावाने पडून राहते, आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट येते. उलट स्कॅन केलेल्या पानात किंवा चित्रात कोरलेलं नाव बदलतच नाही.

वर्डप्रेसवर चालणारी मराठी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, म्हणून त्यातला एक धोका नीट सांगतो. वर्डप्रेस आपल्या बऱ्याच मांडण्या एका गाठोड्यासारख्या साठवतो: प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते, अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'अहमदनगर' म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. 'अहिल्यानगर' म्हणजे वेलांटी, हलन्त, काना धरून १० चिन्हं, ३० बाइट. थेट डेटाबेसमध्ये जाऊन नाव बदललं, तर गाठोड्यावरची चिठ्ठी २१ म्हणते आणि आत ३० निघतात. प्रणाली मग तो एक शब्द सोडून पुढे जात नाही, अख्खं गाठोडं नाकारते. एका गावाच्या नावापायी तळपट्टी, बाजूच्या चौकटी, कधी संपूर्ण मांडणी नाहीशी होते ती अशी. डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातली शोध-बदल आज्ञा गाठोडं सोडते, बदल करते, लांबी नव्याने मोजते आणि पुन्हा बांधते. तीच वापरावी. डेटाबेसवर थेट बदलाची आज्ञा चालवणं मराठी संकेतस्थळावर मला बेजबाबदारपणा वाटतो, मग तो कितीही वेगवान असो.

पण हे साधनही एका बाबतीत आंधळंच आहे. वर्डप्रेस लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. संपादकाच्या खिडकीतून बदल केला तर आवृत्ती जपली जाते, हे खरं. डेटाबेसच्या पातळीवर केलेल्या बदलाची मात्र नवी आवृत्ती तयार होत नाही. शिवाय जुन्या आवृत्त्या लेखांच्याच तक्त्यात राहतात, त्यामुळे आज्ञा त्यांच्यातूनही फिरते. वर्तमान बदलतो आणि त्यासोबत भूतकाळही. वाचकांनी पाठवलेली मतं वेगळ्या तक्त्यात असतात. तो तक्ता वगळला नाही, तर माणसाच्या नावाखाली त्याने न लिहिलेला शब्द येतो. लेखाची कायमची ओळख ठेवणारा एक रकाना असतो, तोही या फेरीतून वगळावा लागतो, नाहीतर जुने लेख वाचकांच्या फीडमध्ये नवे म्हणून पुन्हा येऊ शकतात.

पानांच्या पत्त्यांविषयी टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं की चांगले पत्ते बदलत नाहीत. गावाचं नाव बदललं म्हणून पानाच्या यूआरएलमधलं रोमन नाव बदलायची काही गरज नसते. कुणाच्या प्रबंधाच्या तळटीपेत, कुणाच्या पुस्तकात तो पत्ता छापलेला असतो. बदलायचाच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण ठेवावं.

संरक्षणाच्या पद्धती नव्या नाहीत, अवघडही नाहीत. घर रंगवायला आलेला चांगला रंगारी आधी खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटवतो. मजकुरातही तसंच करता येतं. अवतरणं, दुवे, पुस्तकांची आणि संस्थांची नावं, न्यायालयीन मजकूर, शासन निर्णय हे सगळं आधी तात्पुरत्या, कुठेही न आढळणाऱ्या खुणांनी झाकायचं, मग बदल चालवायचा, मग झाकलेलं जसंच्या तसं परत आणायचं. संस्थांची नावं यात विशेष महत्त्वाची. शहराचं मुंबई झालं तरी आयआयटी बॉम्बेचं नाव तेच आहे, इंग्रजीतलं बॉम्बे हायकोर्टही तेच आहे.

त्यानंतर ड्राय रन, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता काय बदललं असतं एवढंच पाहणं. डब्ल्यूपी-सीएलआयमध्ये ही सोय आहे, बेटर सर्च रिप्लेस या प्लगइनमध्येही आहे. पण तिच्या निकालातला नुसता आकडा पाहून समाधान मानणं धोक्याचं. हजार ठिकाणी बदल होईल, यातून त्या हजार वाक्यांचा अर्थ कळत नाही. आधीची आणि नंतरची ओळ शेजारी-शेजारी लिहून देणारी नोंद मिळवता येते. ती छापून, चहा ठेवून, मराठी नीट वाचणाऱ्या माणसाने वाचावी. सगळी जमली नाही तर दर दहावी. बदल आधी संकेतस्थळाच्या वेगळ्या प्रतीवर करून पाहावा, चालत्या संकेतस्थळावर नंतर.

बॅकअपचा सल्ला सगळेच देतात, त्यामुळे त्याच्याबद्दल दोनच गोष्टी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालता डेटाबेस पुसला गेला. राखीव प्रती ठेवण्याच्या त्यांच्याकडे पाच व्यवस्था होत्या, आणि गरजेच्या वेळी त्यांतली एकही धड चालत नाही असं आढळलं. सुदैवाने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, मधल्या वेळेतलं काम मात्र गेलं. कंपनीने हे सगळं स्वतः उघडपणे लिहिलं, त्याबद्दल तिचा आदर वाटतो. तेव्हा बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो परत उभा करून पाहिला म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट खास आपली. डेटाबेसची प्रत काढताना अक्षरसंच चुकीचा निवडला, तर देवनागरी मजकूर परकी चिन्हं होऊन बसतो. तो बहुधा परत मिळवता येतो. काही वेळा मात्र प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, आणि मग त्यातून काहीही मिळत नाही. फाइल मात्र नीट तयार झालेली दिसते, कुठलीही सूचना येत नाही. वर्षानुवर्षं असे बॅकअप घेत राहणारी मराठी संकेतस्थळं असू शकतात, कारण फाइल उघडून त्यातली मराठी वाचण्याची सवय कुणाला नसते.

सामूहिक बदलांची सर्वांत शहाणी व्यवस्था मला विकिपीडियावर दिसते. तिथे यंत्राने बदल करायला वेगळी परवानगी लागते, आधी थोड्या पानांवर चाचणी द्यावी लागते, प्रत्येक बदल त्याच्या कारणासह नोंदला जातो आणि कुणीही तो एका कळीने मागे घेऊ शकतो. इंग्रजी विकिपीडियावरच्या एका संपादकाने एकाच चुकीच्या इंग्रजी वाक्प्रयोगाचा पाठपुरावा केला. २०१५ पर्यंत त्याचे असे ४७,००० बदल झाले होते. शोधण्यासाठी त्याने स्वतः लिहिलेल्या संगणकीय साधनाची मदत घेतली, पण बदल प्रत्येक वाक्य वाचून हाताने केला, कारण एखाद्या अवतरणात मूळ लेखकाने तसंच लिहिलेलं असू शकतं. शोधायला यंत्र, ठरवायला माणूस. आता भाषा सुधारून देणारी यंत्रं आली आहेत. त्यांच्या हाती पानं सोपवताना ही विभागणी अधिकच जपावी लागेल, कारण ती एक शब्द बदलायला सांगितला तरी शेजारचं वाक्यही गुळगुळीत करून ठेवू शकतात.

राहता राहिला मूळ प्रश्न. १९९८ ची बातमी, १९७२ च्या दुष्काळावरचा लेख, जुना शासन निर्णय, यांतलं गावाचं नाव बदलावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. नवं नाव आवडतं की नाही याच्याशी या उत्तराचा संबंध नाही. पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं गेलं. त्या वेळच्या कागदावर जे नाव आहे तेच त्या वाक्यात राहावं. आणि नामांतराची बातमीच घ्या. 'अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर' या मथळ्यावर सरसकट आज्ञा फिरली की 'अहिल्यानगरचं नाव आता अहिल्यानगर' एवढं उरतं. ज्या निर्णयाचा मान राखायला बदल केला, त्याच निर्णयाची नोंद त्यात पुसली जाते.

वाचकाची सोय करायला दुसरे मार्ग आहेत. जुन्या लेखाच्या माथ्यावर एक ओळ द्यावी: या लेखातली स्थळनामं प्रकाशनाच्या वेळची आहेत. शोधयंत्रणेला दोन्ही नावं समान आहेत असं सांगावं, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी पान सापडेल. पानावर दाखवतानाच नवं नाव कंसात जोडण्याची सोय करता येते, साठवलेल्या अक्षराला हात न लावता. आजचे पत्ते, संपर्क, याद्या आणि अर्ज तेवढे खरोखर बदलावेत. ती पानं मोजकी असतात, आणि मोजकी पानं हाताने बदलता येतात.

तुमच्याकडे एखाद्या संस्थेचं, मासिकाचं, शाळेचं मराठी संकेतस्थळ असेल, तर एवढं एक काम या आठवड्यात करा. त्याचा बॅकअप घ्या, तो दुसऱ्या संगणकावर उभा करा, सर्वांत जुना लेख उघडा, आणि त्यातल्या 'दुसऱ्या' या शब्दातला र अजून जागेवर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.